अस्सल काळा, पंचावन्न इंच

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ९.
टीव्ही पडला. तसा कालच पडला, पण काल ही वही सापडत नव्हती, आणि सापडली तेव्हा तिच्यावर काचा होत्या.

वस्तुस्थिती, जशी घडली तशी. पेनल्टी किक मारायला तो धावत आला आणि चित्र अडकलं. त्याचा एक पाय हवेत. माझ्या हातात नेमकी माझी ढाल होती. पितळी, दीड किलो, 'वर्षातील सर्वोत्तम सुरक्षा अधिकारी'. ती हातातून निसटली. निसटून दहा फूट सरळ गेली आणि पडद्याच्या मधोमध बसली. खेळाडू अर्धा हिरवा, अर्धा जांभळा झाला, मग विझला. गोल झाला की नाही, अजून माहीत नाही.

ही ठमीला घेऊन बहिणीकडे निघून गेली. कारण उघड आहे. घरात टीव्ही नाही. अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन बसून करणार काय? जाताना भांडली नाही, ओरडली नाही. स्वयंपाकघरातल्या फलकावर तीस आकडा दिसला की येते, एवढंच म्हणाली.

फलक मीच आणलेला. आमच्या बाटल्यांच्या कारखान्याच्या गेटवर असतो तो: वर 'अपघातमुक्त दिवस', खाली आकडा. गेटवर नवा आला म्हणून जुना मी घरी लावला. गंमत म्हणून. रोज सकाळी ठमी आकडा लिहिते आणि काही फुटलं की शून्य करते. घरचा विक्रम नऊ. त्यातले चार दिवस मी ट्रेनिंगसाठी बाहेरगावी होतो.

३० तारखेला, रविवारी संध्याकाळी पाचला, ठमीच्या शाळेचं समूहगान टीव्हीवर लागणार आहे. ठमी तिसऱ्या रांगेत. म्हणजे सगळं कसं जुळून आलंय. आज १ तारीख, फलकावर १. तीसला तीस. त्या येणार, नव्या टीव्हीवर गाणं बघणार, विषय संपला.

संकल्प. एक: टीव्ही असा घ्यायचा की साडूने तोंडात बोट घालावं. दोन: शांत राहायचं. हा दुसरा खरं तर लिहायचीही गरज नव्हती. मी मुळातच शांत माणूस आहे. आजवर हिच्यावर किंवा ठमीवर बोटही उगारलेलं नाही. वस्तूंचं वेगळं.

फलकाचा फोटो ठमीला पाठवला. तिने अंगठा पाठवला.

२ नोव्हेंबर, रविवार.
काचा वेचल्या. सोफ्याखाली जुन्याही निघाल्या. एक मागच्या वर्षीच्या बशीची, एक बहुतेक लॅम्पची. ठमीचं कौतुक वाटलं. ही मुलगी घरात कधी अनवाणी चालत नाही. चपला उशाशी ठेवते, पलंगावरून उतरते ती थेट चपलांत. कारखान्यातल्या बाप्यांना सेफ्टी शूज घाला म्हणून मी बारा वर्षं घसा फोडतोय. सुरक्षा रक्तातच असावी लागते.

४ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी ७.
पहिलं शोरूम. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच पोपट. विकणाऱ्याने एवढा घट्ट टाय बांधला होता की आवाज पोपटासारखाच येत होता.

टायवाल्याने सांगितलं ते असं. एलईडी म्हणजे काचेमागे दिवे लावलेले. काळा रंग दाखवायचा असला तरी मागून थोडा उजेड झिरपतोच, म्हणून काळा कधी काळा नसतो, राखाडी असतो. क्यूएलईडी म्हणजे तेच, पण रंग भडक. ओएलईडीत मात्र प्रत्येक ठिपका स्वतःच पेटतो आणि स्वतःच विझतो. विझला की विझला. त्याला तो अस्सल काळा म्हणाला. जाडी बिस्किटाएवढी.

मी तांत्रिक प्रश्न विचारला. समजा दहा फुटांवरून दीड किलोची वस्तू आली, तर कोणता प्रकार जास्त टिकेल? त्याने विचारलं, कोणती वस्तू. मी म्हटलं, कुठलीही, समजा ढाल. तो म्हणाला की ढाल टीव्हीकडे कशाला येईल. मला उलट प्रश्न आवडत नाहीत. खात्री करून घ्यावी म्हणून एलईडीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. मग क्यूएलईडीवर, जरा जोरात. ओएलईडीकडे वळलो तेव्हा टायवाला हात पसरून मध्ये उभा राहिला.

ढोबळ निष्कर्ष: जितकं चित्र चांगलं तितका टीव्ही नाजूक. ही अभियंत्यांची घोडचूक आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
वरच्या मजल्यावरचा माणूस सकाळपासून भिंतीला भोकं पाडतोय. चार वेळा छताला झाडूचा दांडा आपटून सभ्यपणे सुचवलं. पाचव्यांदा दांडा मोडला आणि छताचा ताटाएवढा गिलावा माझ्याच डोक्यावर आला.

फलकाचं काय करायचं? नियम पाहिले. झाडू ही झिजणारी वस्तू, तिची नोंद होत नाही. छत सोसायटीचं. डोकं माझं. फलक ६.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी ४.
दुसरं शोरूम, मोठं. इथे सोफ्यावर बसून बघू देतात. मी ओएलईडी बाजूने कसा दिसतो ते तपासत होतो (छान दिसतो, स्वस्तातले एलईडी कडेने बघितले की फिके पडतात), एवढ्यात एक बोकडदाढीवाला माझ्या आणि पडद्याच्या मध्ये येऊन उभा राहिला. मी त्याला बाजूला व्हा म्हटलं. तो म्हणाला, तुमच्या बापाचं दुकान आहे का. तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी शांत होतो. शांतपणे त्याची कॉलर धरली.

पुढचा क्रम नीट आठवत नाही. त्याने माझ्या पोटात गुद्दा घातला, मी त्याची दाढी ओढली, तो मागे कोलमडून स्पीकरच्या मनोऱ्यावर पडला आणि मनोरा त्याच्यावर. सगळ्यात वरच्या स्पीकरमधून पक्ष्यांचा किलबिलाट चालूच होता. त्याचं नाक फुटलं, माझा शर्ट फाटला. रखवालदाराने मला काखेत धरून बाहेर आणून ठेवलं, पार्सल ठेवतात तसं.

घटना घराच्या परिसराबाहेर घडली. परिसराबाहेरच्या घटना मोजत नाहीत, हा कारखान्यातही नियम आहे. मीच लिहिलेला. फलक ८.

१० नोव्हेंबर, सोमवार.
विक्रम मोडला! फलक १०. ठमीला फोटो पाठवला. तिचा प्रश्न आला: बाबा, खरंच? मी लिहिलं, शंभर टक्के. मुलांच्या मनात शंका कोण भरवतं याचा अंदाज आहे. साडू.

साडू दातांचा डॉक्टर. आवाज एवढा मऊ की पेशंट ऐकता ऐकताच बधिर होत असणार. त्याच्याकडे पासष्ट इंची आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार.
आज कारखान्यात माझं भाषण होतं. विषय: कामाच्या जागी रागावर ताबा. भट्टीच्या पाळीतले चाळीस जण समोर उभे. पाचव्या मिनिटाला मागून कोणीतरी जांभई दिली. मुद्दाम, मोठ्याने. मी भाषण थांबवलं आणि बाजूच्या वाळूच्या बादलीला लाथ घातली. आग विझवायची बादली, काठोकाठ भरलेली. हलली नाही. माझा अंगठा हलला.

मी, सुरक्षा अधिकारी, त्या क्षणी सेफ्टी शूज घातले नव्हते. भाषणाला काळे बूट बरे दिसतात.

अंगठ्याचं हाड मोडलं. दवाखाना, प्लास्टर. म्हणजे नियमाप्रमाणे नोंद. गेटवरचा आकडा ४१२ होता. ५०० झाल्यावर प्रत्येक कामगाराला भिंतीवरचं घड्याळ मिळणार होतं. मॅनेजरने माझ्याच हाताने ४१२ पुसून शून्य लिहायला लावलं. चाळीस जण बघत होते. जांभईवाला सर्वांत पुढे.

घरी काही फुटलं नाही. फलक १२.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी २.
दात पडला. वरचा, समोरचा. कारण फ्रिज. दार नीट लागत नव्हतं, म्हणून मी त्याला समज दिली. तीनदा खांद्याने. चौथ्यांदा दार धडकन आपटलं, उलटं उसळलं आणि तोंडावर आलं. फ्रिजने केलेला हल्ला. मीही सोडलं नाही, त्याच्या अंगाला आता दोन खोलगट पोचे आहेत.

फ्रिज चालू आहे. चालू वस्तू फुटली असं म्हणता येत नाही. फलक १६.

१७ नोव्हेंबर, सोमवार.
दाताला साडूकडेच जावं लागलं. दुसरा डॉक्टर गुरुवारशिवाय वेळ देत नव्हता, आणि गुरुवारपर्यंत मला 'साडू' हा शब्दच उच्चारता येत नव्हता.

त्याने खुर्ची आडवी केली, तोंडात कापसाचे बोळे कोंबले, लाळेची नळी अडकवली आणि मग बोलायला लागला. पक्का कावेबाज. उत्तर द्यायला माणसाला तोंड तर हवं. म्हणाला, टीव्हीच्या मागे कशाला लागलाय, तिने टीव्ही मागितलेलाच नाही. मी 'ऑं' केलं. म्हणाला, ठमी आमच्याकडे पहिले आठ दिवस चपला उशाशी घेऊन झोपायची. आता नाही. आता अनवाणी धावते घरभर. परवा माझ्या हातून पेला फुटला तर ही पोरगी टेबलाखाली जाऊन बसली, बाहेर यायला तयार होईना. एवढं बोलून त्याने मशीन सुरू केलं.

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. मशीनमुळे. हिरडी बधिर झाली नव्हती नीट.

परत येताना विचार केला. अनवाणी धावते! सांभाळायला दिलेल्या मुलीची ही शिस्त. माझं अकरा वर्षांचं काम त्याने सतरा दिवसांत घालवलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.
निर्णय झाला. ओएलईडी, पंचावन्न इंच, फोर-के. तीन रात्री तक्ता केला: काळा रंग, कडेने दिसणं, वेगवान दृश्य, वजन. ओएलईडीने सगळ्यांना धूळ चारली. दोनच दोष.

पहिला असा की एखादं चित्र फार वेळ एका जागी राहिलं तर त्याचा ठसा उमटतो. मग चॅनल बदला, काही करा, जुनं चित्र मागे पुसट दिसत राहतं. असा मनात धरून ठेवणारा टीव्ही मी पहिल्यांदाच ऐकला. पण आमच्या घरी असं होणार नाही. आमच्याकडे कुठलंच चित्र फार वेळ राहत नाही.

दुसरा दोष टायवाल्याने आपणहून सांगितला (शोरूम पहिलंच, दुसऱ्यात मला प्रवेश नाही). पडदा चकचकीत आहे. टीव्ही बंद असताना त्यात खोली दिसते, आरशासारखी. त्यापेक्षा मॅट पडद्याचा घ्या म्हणाला, त्यात काही दिसत नाही, फक्त काळा जरा कमी काळा. मी म्हटलं, खोलीत लपवण्यासारखं आहे काय? चकचकीतच द्या.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
टीव्ही आला. भिंतीवर लावायला एक माणूस आला, कमी बोलणारा, जास्त शिट्टी वाजवणारा. मी सांगितलं, डावीकडे दोन मिलिमीटर खाली आहे. तो म्हणाला, तुमची भिंतच वाकडी आहे. माझी भिंत! मी ड्रिल त्याच्या हातातून घेतलं. त्याने परत ओढलं. मी पुन्हा घेतलं. या ओढाताणीत बटण दाबलं गेलं आणि ड्रिल भिंतीत शिरलं ते पलीकडे न्हाणीघरात निघालं. आता सोफ्यावर बसून न्हाणीघरातला नळ दिसतो.

त्या माणसाने जागेवरूनच माझं खुंटीवरचं सेफ्टी हेल्मेट काढून डोक्यावर घातलं आणि उरलेले सगळे स्क्रू ते घालूनच लावले. जाताना पण घालूनच गेला. मी त्याच्या मागे फेकलेला पाना जिन्यात पडला, म्हणजे परिसराबाहेर.

भोक हे बांधकामात येतं. फलक २४. भोकावर कॅलेंडर लावलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.
हिचा फोन आला. सत्तावीस दिवसांत पहिला. मला वाटलं मी खूप बोलेन, पण आधी तीच बोलली. रविवारी साडेचारला येतो म्हणाली. फलकाचं विचारलं नाही. मी आपणहून सांगितलं की सत्तावीस. ती म्हणाली, हो, फोटो बघते मी रोज. तिकडे मागे ठमी गाणं घोळवत होती. दात कसा आहे, एवढं विचारून तिने फोन ठेवला.

खरं सांगायचं तर घर खायला उठतं. हे इथेच लिहितो, दुसरं कोण वाचतंय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार.
पूर्ण तालीम. रिमोट, आवाज, चॅनल. मग बंद करून अस्सल काळा तपासला. टायवाला खरं बोलला होता. त्यात सोफा दिसतो, दार दिसतं, कॅलेंडर दिसतं, मी दिसतो. जरा जाड दिसतो. पण एकंदर शांत चेहरा.

रविवारचे संकल्प. नवीन गालिचा (अनवाणी चालायचं असेल तर चाला). हातात काही धरायचं नाही. ढाल माळ्यावर.

३० नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८.
फलक ३०. अंक लाल खडूने, दोनदा गिरवून. फोटो पाठवला. तीस दिवसांचं काम! कारखान्यात असं झालं असतं तर पेढे... म्हणजे घड्याळं वाटली असती.

सायंकाळी ७.
आधी क्रमाने.

साडेचारला त्या आल्या. साडूने खाली सोडलं, वर आला नाही. हिच्या हातात फक्त पर्स होती. बॅग मागून येईल असं मी धरून चाललो. ठमीने दारात बूट काढले आणि पिशवीतून स्वतःच्या चपला काढून घातल्या. मी म्हटलं, गालिचा आहे बेटा, नवा आहे. ती म्हणाली, राहू दे बाबा. दोन इंच उंच झाली आहे ती महिन्याभरात.

फलक दाखवला. ठमीने तीसकडे बराच वेळ पाहिलं. ही फ्रिजच्या पोच्यांकडे बघत होती. चहा घेतला. मी सगळ्यांशी हळू बोललो. कप प्लॅस्टिकचे काढले होते, ते हिच्या लक्षात आलं असावं.

पाचला दहा मिनिटं होती. त्या दोघी सोफ्यावर, मी टीव्हीसमोर, त्यांच्याकडे पाठ करून. पडदा अजून बंद. रिमोट दाबला, लागला नाही. पुन्हा दाबला, नाही. मी चिडलो नव्हतो. हे मी शपथेवर लिहितो, मी जराही चिडलो नव्हतो. उलट मजेत होतो. फक्त रिमोट नीट लागावा म्हणून हात उंच केला. डोक्याच्या वर. कोणीही करतं.

समोर काळ्यात दिसलं. ठमी खाली वाकली आणि उशी डोक्यावर धरली. त्याच क्षणी हिचा हात ठमीच्या डोक्यावर आडवा आला आणि ही तिच्यावर झुकली. आवाज नाही. ओरडणं नाही. कारखान्यात धोक्याची घंटा वाजल्यावर मी माणसांना जे करायला बारा वर्षं शिकवतोय आणि जे त्यांना अजून जमत नाही, ते या दोघींनी एका सेकंदात केलं.

मी वळलो. दोघी ताठ बसलेल्या. उशी मांडीवर. ठमीने विचारलं, लागत नाही का बाबा?

लागला. गाणं झालं. ठमी तिसऱ्या रांगेत डावीकडून चौथी, रिबीन पिवळी. रंग उत्तम होते. मला फारसं दिसलं नाही.

गाणं संपल्यावर ही उठली. साडू खाली थांबलाय म्हणाली. मी म्हटलं, पण तीस झाले की. ती म्हणाली, हो, झाले. माझ्या खांद्यावरचं काहीतरी झटकलं, गिलाव्याचं असेल, आणि ठमीला घेऊन गेली. मी मधे आलो नाही. हात खिशात घातले होते.

सायंकाळी ७.३०.
दोष पडद्याचा आहे. सरळ आहे. मॅट घेतला असता तर हे काहीच दिसलं नसतं, संध्याकाळ चांगली गेली असती. टायवाल्याला फोन लावला. सात दिवसांत बदलून देतो म्हणाला, फक्त फॉर्मवर दोष काय ते लिहावं लागेल. मी म्हटलं, लिहा, प्रतिबिंब दिसतं. त्याने विचारलं, कसलं? मी फोन ठेवला. आपटला नाही, ठेवला.

सायंकाळी ७.५०.
नियम तीनदा वाचले. वस्तू शाबूत. इजा नाही. आवाज नाही. घटना कुठल्याही व्याख्येत बसत नाही.

फलक पुसला. शून्य लिहिलं. सवयीने फोटो काढला आणि पाठवलाही.

ठमीचा लगेच मेसेज आला: बाबा, आता काय फुटलं?

उत्तर लिहितोय. पुसतोय. अजून पाठवलेलं नाही.